कोल्हापुरात बागेतला कचरा घंटागाडीत द्यायचा कसा? नव्यानं राहायला आलेल्यांसाठी

बदलीवर, शिकायला किंवा नवीन घर घेऊन कोल्हापुरात आलाय आणि पहिल्यांदाच अंगण, परस, दोन-चार झाडं असलेलं घर मिळालंय अशा मंडळींसाठी हे लिहितोय. स्वयंपाकघरातला कचरा कसा द्यायचा ते दोन दिवसांत कळतंय, शेजारच्या काकू सांगत्यात, गाडीवरची माणसं सांगत्यात. पण बागेतला कचरा निघाला की सगळं अडतंय. गवत काढलं, पेरूच्या फांद्या छाटल्या, नारळाच्या चार झावळ्या पडल्या आणि दारात एवढा मोठा ढीग लागला की गाडीवाले म्हणतात हे आमच्यात बसणार नाही, शेजारी म्हणतात पेटवून टाका, छाटणीवाला म्हणतो मी नेतो पण कुठं नेतो ते सांगत नाही. या सगळ्यातून मी गेलोय, म्हणून क्रमानं सांगतो.

एक गोष्ट सगळ्यात आधी मनात पक्की करा. घंटागाडी (पेपरात तिला टिपर म्हणत्यात) ही रोजच्या घरगुती कचऱ्यासाठी आहे. बागेतलं थोडं, बारीक आणि वेगळं बांधलेलं तिच्यात जातंय, बाकीच्याची सोय आपल्याला करायला लागते. आणि ती सोय कोयता हातात घ्यायच्या आधी करायची, नंतर नाही.

१. आपलं घर कुणाच्या हद्दीत येतं ते बघा

हे फार लोक विसरतात. पत्त्यात कोल्हापूर लिहिलंय म्हणजे महापालिका असंच नाही. पाचगाव, कळंबा, उचगाव, मोरेवाडी, उजळाईवाडी या बाजूला नवीन कॉलन्या भरपूर झाल्यात आणि हद्दवाढीचा विषय तर वर्षानुवर्षं चाललाय. घरफाळ्याची (घरपट्टीची) पावती बघा, ती महापालिकेची आहे की ग्रामपंचायतीची त्यावरून कळेल. भाड्यानं असाल तर मालकांना विचारा. ग्रामपंचायतीची पावती असेल तर कचरागाडीचं वेळापत्रक आणि नियम ग्रामपंचायत कार्यालयात विचारायचे, महापालिकेला फोन करून काही उपयोग होत नाही.

महापालिका असेल तर आपला वॉर्ड कुठला (ए, बी, सी, डी, ई) तो माहीत करून घ्या आणि आपल्या भागाचा मुकादम (सफाई कामगारांवर देखरेख करणारा) कोण, त्याची हजेरी शेड कुठं आहे ते विचारून ठेवा. सकाळी रस्ता झाडणाऱ्या मावशींना विचारलं की लगेच कळतंय. ही ओळख लई कामाची आहे. जादा कचरा असेल तेव्हा मुकादमाला आदल्या दिवशी सांगितलं की काम सोपं होतंय, न सांगता ढीग लावला की त्यालाही त्रास आणि आपल्यालाही.

२. काय काय लागतं

साहित्य साधंच आहे आणि बहुतेक घरात असतंयच. एक चांगला सीकेटर (फांद्या छाटायची कात्री), कोयता, छोटी करवत, खुरपं, दाताळं, घमेलं, रबराचे किंवा जाड कापडाचे हातमोजे, सुतळीचा गुंडा आणि खताची किंवा सिमेंटची रिकामी पोती. सिमेंटचं पोतं असेल तर आधी बाहेर नेऊन चांगलं झटका, नाहीतर उचलताना डोळ्यात जातंय. प्लॅस्टिकच्या काळ्या पिशव्या शक्यतो नकोच. ओलं गवत त्यात कोंडलं की एका रात्रीत तापून कुजायला लागतंय आणि असला वास सुटतो की उचलणाऱ्याचा जीव नकोसा होतो.

कागदपत्रं रोजच्या पाल्यापाचोळ्याला लागत नाहीत, झाड तोडायचं किंवा मोठी छाटणी करायची असेल तर लागतात, ते पुढं येतंय.

३. झाडाला हात लावण्याआधी परवानगीचं बघा

आपल्या आवारातलं झाड म्हणजे आपलंच, कसंही तोडावं, असं समजू नका. महाराष्ट्रात शहरी भागासाठी १९७५ सालचा झाडांच्या संरक्षणाचा कायदा आहे आणि त्यात झाड तोडायला वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. झाडाला इजा होईल असं काही करणं, जाळणं, हेही त्या कायद्यात झाड तोडण्यातच धरलंय. म्हणजे बुंधा ठेवून वरचं सगळं बोडकं केलं तरी आपण अडकू शकतो. गुलाब, जास्वंद, मेंदीचं कुंपण, शेवग्याच्या चार बारीक फांद्या यांचा प्रश्न नाही, पण आंबा, जांभूळ, गुलमोहर, पिंपळ अशा झाडाची जाड फांदी काढायची असेल तर महापालिकेच्या उद्यान विभागात आधी विचारा.

अर्जासोबत हे जवळ असू द्या: घरफाळ्याची पावती किंवा प्रॉपर्टी कार्ड, ओळखपत्र, झाडाचे दोन-तीन बाजूंनी काढलेले फोटो, कारण (भिंतीला तडा गेलाय, फांदी छपरावर आलीय, जे असेल ते खरं लिहा). भाडेकरू असाल तर मालकांचं संमतीपत्र घ्या, त्याशिवाय अर्जच करू नका, उद्या मालकांनी हात वर केले तर तुम्ही एकटे पडाल.

फांदी विजेच्या तारेला लागत असेल तर स्वतः चढायचं नाही आणि माणूसही चढवायचा नाही. महावितरणच्या १९१२ वर तक्रार करा. वळवाच्या पावसाआधी, मार्च-एप्रिलमध्येच हे केलेलं बरं, मे महिन्यात पहिलं वादळ झालं की सगळं गाव एकदम फोन लावतंय.

४. निघालेला कचरा जागेवरच वेगळा करा

एकाच ढिगात सगळं टाकलं की नंतर काहीच धड होत नाही. तोडतानाच वेगवेगळं टाकत जा. हिरवं गवत आणि कोवळा पाला एकीकडं. वाळलेला पाचोळा एकीकडं. फांद्या, झावळ्या, बुंध्याचे तुकडे एकीकडं. आणि चौथा ढीग म्हणजे जे बागेतून निघतंय पण बागेचं नाही: फुटक्या कुंड्या, ठिबकच्या नळ्या, रोपांच्या काळ्या पिशव्या, तार, शेडनेटचे तुकडे, विटा, माती.

रोपांच्या काळ्या पिशव्या आणि नळ्या सुक्या कचऱ्यात. औषधाच्या, कीटकनाशकाच्या बाटल्या यातल्या कशातच नाहीत, त्या घरगुती घातक कचऱ्यात येतात, वेगळ्या कागदात गुंडाळून वर लिहून गाडीवाल्याच्या हातात द्यायच्या. माती, विटा, फरशीचे तुकडे गाडीत अजिबात टाकू नका. मातीचं एक पोतं उचलताना माणसाची कंबर जाते, शिवाय ती कचऱ्यात गेली की तिचा कुणालाच उपयोग नाही. शेजारी कुणालातरी कुंड्या भरायला माती हवीच असते.

इथं नवीन माणसं नेहमी चुकतात ती गोष्ट म्हणजे वाळलेला पाचोळा. तो वाळलाय म्हणून सुक्या कचऱ्याच्या डब्यात टाकत्यात. तसं नाही, पाचोळा कुजणारा आहे, तो ओल्या कचऱ्याच्याच बाजूला जाणार. सुक्यात कागद, प्लॅस्टिक, काच, धातू. पाचोळा त्यात मिसळला की पुढं निवडणाऱ्या बायकांना त्या चुऱ्यातून एकेक पिशवी झटकत बसायला लागतंय.

५. वाळू द्या, मगच भरा

ताज्या गवताच्या वजनातला तीन चतुर्थांश भाग तर पाणीच असतंय. आज कापलेलं गवत आजच पोत्यात भरलं तर एक पोतं दोन माणसांना उचलत नाही, तेच दोन-तीन दिवस उन्हात पसरलं की अर्ध्याहून कमी होतंय आणि एका हातानं उचलतंय. उन्हाळ्यात गच्चीवर नाहीतर अंगणात पातळ पसरा. झाडाची मुळं निघाली असतील तर आपटून माती झाडून घ्या.

ढिगात हात घालण्याआधी मात्र काठीनं हलवून बघत जा, विशेषतः दोन-चार दिवस पडून असलेला ढीग असेल तर. रंकाळ्याच्या बाजूला, कळंबा, पाचगाव, विद्यापीठाच्या मागं शेतं आणि माळ जवळ आहेत, साप निघतातच. घोणस पाचोळ्यात पडली तर पायाजवळ येईपर्यंत दिसत नाही. बूट आणि हातमोजे घालूनच काम करा, पोरांना ढिगावर खेळू देऊ नका.

६. गाडीला देताना

पोतं पाऊण भरायचं आणि तोंड सुतळीनं बांधायचं. गच्च भरलेलं पोतं उचलताना फाटतंय आणि मग सगळा पाचोळा रस्त्यावर. काटेरी काही असेल, बोगनवेल, लिंबू, गुलाब, तर ते वेगळं बांधा आणि देताना तोंडानं सांगा की यात काटे आहेत. गाडीवरची बरीच माणसं साधे मोजे किंवा नुसत्या हातानं काम करत्यात, आपल्या निष्काळजीपणानं त्यांच्या हातात काटा मोडू नये एवढं तरी आपण बघायलाच पाहिजे.

एका दिवशी सगळं देऊ नका. गाडीला पुढची सगळी गल्ली घ्यायची असते, आपल्या चार पोत्यांनी ती भरली तर शेवटच्या घराचा कचरा राहतो. रोज एक, फार तर दोन पोती, आणि तीही गाडीवाल्या दादांना विचारून. मोकळी पोती परत मागून घ्या, पुढच्या वेळी लागत्यात.

रात्री दारात ठेवून झोपू नका. कुत्री फाडतात, गाई-म्हशी तोंड घालतात. गाडीची घंटा किंवा गाणं ऐकू आलं की बाहेर आणा. दोघंही नोकरीला जात असाल आणि गाडीची वेळ जमत नसेल तर शेजाऱ्यांना सांगून ठेवा, कोल्हापुरात एवढं करायला कुणी नाही म्हणत नाही.

७. फांद्या आणि झावळ्या

खरी अडचण यांचीच. अंगठ्याएवढ्या जाडीपर्यंतच्या फांद्या हातभर लांबीच्या करून, सगळ्यांचे बुंधे एका बाजूला घेऊन, दोन ठिकाणी सुतळीनं आवळून मोळी बांधली तर पुष्कळदा गाडीवाले घेतात, कारण ती एका माणसाला उचलते आणि गाडीत आडवी बसते. त्याच फांद्या तशाच ओढत आणल्या तर कुणीच घेणार नाही. मोळी आधी सैल बांधून, दोन दिवस वाळवून, मग परत आवळायची. वाळल्यावर फांद्या बारीक होतात आणि पहिली गाठ आपोआप ढिली पडते.

त्याहून जाड लाकूड गाडीत देऊच नका, कारण ते कचरा नाहीच. पाणी तापवायला बंब किंवा चूल असलेली घरं अजून पुष्कळ आहेत, जवळच्या वाडीवस्तीत विचारलं की येऊन घेऊन जात्यात. झावळीची पाती वेगळी काढली तर त्याच्या हिरांचे खराटे होतात, आणि खराटा करणारी बाई गल्लीत कोण आहे ते जुन्या लोकांना माहीत असतंय. राहिलेला जाड देठ तेवढा करवतीनं तुकडे करून वाळवायचा.

छाटणीला माणूस बोलावला तर पैसे ठरवतानाच विचारा की फांद्या तू नेणार का आणि नेणार तर कुठं. आमच्याकडं एकानं सगळं नेतो म्हणून जादा पैसे घेतले आणि संध्याकाळी तोच ढीग पलीकडच्या ओढ्याच्या काठाला पडलेला होता. पैसे निम्मे आधी आणि निम्मे उचलून नेल्यावर, जिथं टाकलंय तिथला फोटो बघून द्या. खूपच जास्त असेल, म्हणजे ट्रॉलीभर, तर वॉर्डच्या आरोग्य निरीक्षकांना किंवा उद्यान विभागाला आधी भेटून वेगळी गाडी कशी मिळेल ते विचारा, आणि पैसे भरायचे असतील तर पावती घ्या.

८. जमेल तेवढं घरातच जिरवा

२०१६ च्या घनकचरा नियमांमध्येच होतं की बागेचा कचरा आपल्या आवारात वेगळा ठेवायचा आणि पालिका सांगेल तसा द्यायचा. गाडीत गेलेला पाला शेवटी कसबा बावड्याच्या झूम प्रकल्पावर (महापालिकेच्या कचरा डेपोवर) जाणार, आणि मिसळलेला कचरा ढिगात दाबला गेला की त्यातून वायू होतो, उन्हाळ्यात आग लागते आणि तो धूर बावडा, लाईन बाजारच्या लोकांच्या घरात जातो. आपल्या झाडाचा पाला आपल्या मातीत गेला तर हे सगळं टळतं. मला हे मनापासून वाटतं म्हणून इथं जरा जास्त लिहितोय.

सगळ्यात सोपं म्हणजे आच्छादन. आपल्याकडचे शेतकरी उसाचं पाचट सरीत पसरतात, तसाच वाळलेला पाचोळा झाडाच्या बुंध्याभोवती चार बोटं जाड पसरायचा, बुंध्याला चिकटवायचा नाही, वीतभर जागा सोडायची. उन्हाळ्यात पाणी कमी लागतंय आणि तणही कमी उगवतंय. पाचोळा जेमतेम असेल तर एवढ्यातच सगळा संपतो.

जास्त असेल तर खत. कोंबडीच्या जाळीचा तीन फूट रुंद, तीन फूट उंच गोल करायचा आणि सावलीत मातीवरच ठेवायचा, खाली फरशी नको. तळाला काटक्या टाका म्हणजे हवा खेळते. मग तीन घमेली वाळका पाचोळा, एक घमेलं हिरवं गवत किंवा भाजीची देठं, वर मूठभर जुनं खत किंवा शेण, आणि पाणी शिंपडायचं, असे थर. बदाम, फणस, आंबा यांची पानं मोठी आणि चिवट असतात, ती तशीच टाकली तर एकावर एक चिकटून हवा बंद होते, म्हणून आधी पोत्यात घालून पायानं तुडवून चुरा करा. ओल किती हवी ते हातानं कळतं, मूठभर घेऊन घट्ट पिळा, एखादा थेंब निघाला तर बरोबर, धार लागली तर पाणी जास्त, काहीच नाही आणि हात कोरडा तर अजून शिंपडा.

नीट जमलं की चार-पाच दिवसांत आत हात घालवत नाही एवढा ढीग तापतो. न तापणारा ढीग बहुतेक कोरडा तरी असतो, लहान तरी असतो नाहीतर हिरवं कमी पडलेलं असतं. वास आला तर उलटं, हिरवं जास्त झालं, पाचोळा टाका आणि हलवा. आठ-पंधरा दिवसांनी खालवर करत राहिलं तर तीन-चार महिन्यांत काळसर, मातीचा वास येणारं खत तयार होतं. नुसता पाचोळा असेल तर सहा महिने धरून चाला.

लवकर कुजवायचं असेल तर जीवामृत. २०० लिटरचं प्रमाण शेतकऱ्यांना पाठ असतंय, घरासाठी १० लिटर पाण्याला अर्धा किलो ताजं शेण, अर्धा लिटर गोमूत्र, १०० ग्रॅम काळा गूळ, १०० ग्रॅम बेसन आणि बांधावरची मूठभर माती. दोन दिवस सावलीत गोणपाटानं झाकून ठेवा, सकाळ-संध्याकाळ काठीनं ढवळा आणि मग ढिगावर शिंपडा. गूळ चिक्कीचा पिवळाधमक नको, साधा काळा घ्या, इथं कुठल्याही किराणा दुकानात मिळतो.

खतात काय घालायचं नाही: फुलावर आलेलं काँग्रेस गवत (फुलायच्या आधी उपटलेलं चालतं), हराळीच्या आणि लव्हाळ्याच्या गाठी, मिलीबग (पिठ्या ढेकूण) किंवा रोग पडलेला पाला. हे आधी उन्हात कडक वाळवा, मग वेगळं बांधून गाडीत द्या. आणि खत काढताना पांढऱ्या, वाकड्या, जाड अळ्या दिसल्या तर त्या वेचून काढा. बऱ्याचदा हुमणी असते, कुंडीत गेली की मुळं खाते. दारात नारळ असेल तर ढीग महिनोन्‌महिने न हलवता ठेवूच नका, नारळाचा गेंड्या भुंगा अशाच कुजक्या ढिगात अंडी घालतो.

गाईला पाला घालताना पण बघून घाला. कण्हेर आणि घाणेरी जनावराला विषारी आहे, औषध फवारलेलं गवतही नको.

सोसायटीत राहत असाल आणि आवार ५,००० चौरस मीटरपेक्षा मोठं असेल तर ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवणं २०१६ च्या नियमांनीच सोसायटीवर आलं होतं, तेव्हा चेअरमनकडं हा विषय जरूर काढा.

९. हे करू नका

पेटवू नका. डिसेंबर २०१६ मध्ये राष्ट्रीय हरित लवादानं उघड्यावर कचरा जाळण्यावर देशभर बंदी घातलीय, साध्या जाळण्याला ५,००० आणि मोठ्या प्रमाणात जाळलं तर २५,००० रुपये भरपाई ठरवलीय. दंडाचं सोडा, ओल्या पाल्याचा धूर शेजारच्या दम्याच्या म्हाताऱ्या माणसाला रात्रभर झोपू देत नाही.

कोंडाळ्यात (रस्त्यावरच्या कचराकुंडीत) किंवा कोंडाळा होता त्या जागेवर टाकू नका. एकानं पाला टाकला की दुसऱ्या दिवशी तिथं गाद्या, उशा, हॉटेलचं उरलेलं, सगळं यायला लागतंय.

ओढ्यात, नाल्यात, गटारीत तर अजिबात नाही. जयंती नाल्यात टाकलेली फांदी पुलाखाली अडकते, तिला प्लॅस्टिक अडकतंय, आणि पावसात पाणी कुणाच्या तरी घरात शिरतं.

१०. पावसाळा आणि सणवार

पावसाळ्यात पाला वाळत नाही, म्हणून मोठी छाटणी मे महिन्याच्या आत उरकून घ्या. ढिगावर ताडपत्री टाकली तर उताराला टाका, तिच्या खोलगट भागात आणि शहाळ्यांच्या कवट्यांत पाणी साचलं की डेंग्यूचा डास होतो. दुधाळी, रमणमळा, शाहूपुरी कुंभार गल्ली अशा पुराच्या भागात असाल तर पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी बघत जा, ३९ फुटांची इशारा पातळी जवळ आली की मोळ्या आणि पोती उंचावर नेऊन बांधा. धोक्याच्या ४३ फुटांपर्यंत थांबलात तर तुमचा ढीग तरंगत दुसऱ्याच्या दारात जाणार.

गणपती, दसरा, दिवाळीत हार, केळीचे खुंट, ऊस, आपट्याची पानं भरपूर निघतात. हारातला दोरा, जर, थर्माकोल काढून फुलं खतात घाला. केळीचा खुंट बारीक चिरून घाला, त्यात पाणी फार असतंय, तेव्हा सोबत पाचोळा हवाच. ज्यांना पूजेचं खतात घालायला बरं वाटत नाही त्यांनी घाटावर निर्माल्यासाठी ठेवलेल्या जागेत द्या, पंचगंगेत सोडू नका.

११. गाडीनं घेतलं नाही तर

आधी शांतपणे विचारा, का नाही घेत. बहुतेक वेळा कारण साधं असतंय, मिसळलेलं आहे, जड आहे, गाडी भरलीय. ते दुरुस्त करून दुसऱ्या दिवशी द्या. तरीही घेतलं नाही तर मुकादम, मग वॉर्डचे आरोग्य निरीक्षक, मग लेखी तक्रार, या क्रमानं जा. स्वच्छता अॅपवर फोटो टाकून तक्रार करता येते, तिथं तक्रारीचा नंबर मिळतो तो जपून ठेवा. फोटोत पोती बांधलेली आणि वेगळी केलेली दिसली पाहिजेत, नुसता विस्कटलेला ढीग दिसला तर उलट आपल्यालाच विचारत्यात की हे रस्त्यावर कुणी टाकलं.